रुमाल टाकून धरलेली जागा

प्रश्न: मी मूळची पुण्याची. सध्या अटलांटात समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घेतेय आणि दुसऱ्या वर्षाच्या प्रत्यक्ष कामासाठी एका समुपदेशन केंद्रात जाते. माझ्याकडे येणारी एक क्लायंट कृष्णवर्णीय ट्रान्स स्त्री आहे, वय २७, बरीच स्थूल. ती (म्हणजे खरं तर तो) म्हणते, ‘फोनमध्ये चार हजार माणसं आहेत, पण जानेवारीपासून मला कुणी हात लावलेला नाही.’ सुपरवायझरनी सपोर्ट ग्रुप सुचवायला सांगितलं. ती दोनदा गेली, मग बंद केलं. विचारलं तर ‘नाही जमलं’ एवढंच. एकटेपणावरचे नेहमीचे उपाय इथे चालतात का? एकदा जाताना तिनं ‘मिठी मारू का?’ असं विचारलं, तेव्हा मी गडबडले. आणि ताई, मुळात माझ्यासारखीनं हे काम करावं का?

उत्तर:

आधी तुझ्या पत्रातला तो कंस खोडू या. ‘ती (म्हणजे खरं तर तो)’. कागदावरचा कंस पेनानं जातो. मनातला जायला वेळ लागतो आणि तो समोरच्या माणसाला ऐकू येतो. मराठीत क्रियापदसुद्धा लिंग सांगतं, त्यामुळे आपली चूक इंग्रजी बोलणाऱ्यांपेक्षा लवकर उघडी पडते. जन्माच्या वेळी मुलगा अशी नोंद झालेली असली तरी ट्रान्स स्त्री ही स्त्रीच. ती ‘ती’ आहे, कंसाशिवाय.

दुसरं, ‘स्थूल’. हा शब्द दवाखान्यातून आलेला आहे आणि त्याला दवाखान्याचाच वास येतो. अमेरिकेत जाड माणसांच्या हक्कांसाठी १९६९ मध्ये न्यूयॉर्कला संघटना सुरू झाली. पुढं सत्तरच्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये ‘फॅट अंडरग्राउंड’ नावाचा बायकांचा गट उभा राहिला. तेव्हापासून ‘फॅट’ हा शब्द लाज न बाळगता स्वतःसाठी वापरणारे लोक इथे आहेत. मी या उत्तरात ‘जाड’ म्हणणार आहे. तू मात्र तिलाच विचार, तुझ्या अंगासाठी तू कोणता शब्द वापरतेस. आपल्याकडे नाही का, एकाच अंगाला मावशी ‘खात्यापित्या घरची’ म्हणते आणि शाळेतली पोरं ‘ढोली’. शब्द कुणाच्या तोंडचा, यावर सगळं असतं.

आता मूळ मुद्दा. मी अठरा वर्षं कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये हे काम करतेय. पुढे जे किस्से येतील त्यातले तपशील मी बदललेले आहेत, कुणी ओळखू येऊ नये म्हणून.

सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे एक कृष्णवर्णीय ट्रान्स पुरुष यायचा. उंच, खूप जाड, अतिशय सभ्य. पहिल्या भेटीत तो पन्नास मिनिटं खिडकीला टेकून उभा राहिला. ‘बसा ना’ म्हटलं तर म्हणाला, पाठ दुखते, उभंच बरं वाटतं. दुसऱ्या भेटीतही तेच. मी नोंदवहीत लिहिलं: बसण्यास नकार, सावध, विश्वास बसायला वेळ लागेल. काय हुशार होते मी! तिसऱ्या भेटीत तो जरा हसून म्हणाला, ‘तुमच्या खुर्च्यांना हात आहेत.’ तेव्हा मी पहिल्यांदा माझ्या खोलीकडे पाहिलं. दोन्ही खुर्च्यांना लाकडी हात. मधली जागा माझ्यापुरती. तो बसला असता तर अडकला असता, आणि उठताना खुर्ची अंगाबरोबर आली असती. आयुष्यात दोनदा तसं झालं होतं त्याचं, एकदा नोकरीच्या मुलाखतीत. मी ज्याला अविश्वास म्हणत होते ते खुर्चीचं माप होतं.

म्हणून माझा पहिला प्रश्न तुला: त्या ग्रुपमध्ये बसायला काय होतं, हे तू तिला विचारलंस का? खोली कितव्या मजल्यावर होती, लिफ्ट चालू होती का, ‘ओळख म्हणून’ कुठला हालचालीचा खेळ घेतला का, टेबलावरची बिस्किटं तिनं उचलली तेव्हा कुणी पाहिलं का? ‘नाही जमलं’ या दोन शब्दांत एवढं सगळं असू शकतं.

एसटीत चढायच्या आधी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, एकटेपणाचा विचार करताना मला हमखास तो रुमाल आठवतो. आपण समुपदेशक लोक एकटेपण म्हणजे माणसांचा तुटवडा असं धरून चालतो आणि माणसं पुरवायला धावतो: ग्रुप घे, क्लासला जा, अ‍ॅप टाक. पण तुझ्या क्लायंटकडे चार हजार माणसं आहेतच की. तिच्यासाठी कुठल्याही खिडकीतून कुणी रुमाल टाकलेला नाही. कुठंही गेलं तरी आधी जागा आहे का ते बघायचं, मग आपण मावतो का ते बघायचं, मग शेजारचा उठून जातो का ते बघायचं. हे दिवसातून दहादा. माणूस थकून घरी बसतो, आणि मग आपण त्याला ‘समाजापासून दूर राहण्याची प्रवृत्ती’ असं नाव देतो.

समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइस यांनी १९७३ मध्ये एकटेपणाचे दोन प्रकार सांगितले होते: जिवाभावाचं एकही माणूस नसणं, आणि आपला असा गोतावळा नसणं. ही फोड आजही कामाची आहे, कारण दोन्हींवरचं औषध वेगळं. मैत्रिणींच्या घोळक्यानं जोडीदाराची उणीव भरत नाही, आणि उलटही नाही. मी माझ्यापुरता त्यात तिसरा प्रकार धरते, शरीराचं एकटेपण. म्हणजे स्पर्श नसणं, आणि स्पर्श झालाच तर तो तपासणीचा, झडतीचा किंवा चोरून केलेला असणं. जानेवारीपासून कुणी हात लावलेला नाही असं ती म्हणाली तेव्हा ती या तिसऱ्याबद्दल बोलत होती. तू तिला दुसऱ्यावरचं औषध दिलंस.

एकटेपण मोजायला तीन प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली सगळीकडे वापरतात: सोबतीची उणीव किती वेळा जाणवते, वगळल्यासारखं किती वेळा वाटतं, तुटल्यासारखं किती वेळा. गुण ३ ते ९. केंद्राच्या फॉर्मसाठी ती भर. पण नंतर माझे हे प्रश्न विचारून बघ. तुझ्या घराची दुसरी किल्ली कुणाकडे आहे? दोन दिवस तू दिसली नाहीस तर सर्वात आधी कुणाच्या लक्षात येईल? ताप आला तर दारात डबा कोण ठेवील? दवाखान्याच्या फॉर्मवर ‘तातडीचा संपर्क’ या रकान्यात तू काय लिहितेस? या शेवटच्या प्रश्नाला कितीतरी जणांनी मला सांगितलंय की ते आपलाच दुसरा नंबर लिहितात.

आता ती कुठून कुठून परत आलेली आहे ते समजून घे. कृष्णवर्णीय कुटुंब आणि चर्च हे या देशात वर्णद्वेषापासून मिळणारं सर्वात जुनं छप्पर आहे. घर सुटलं की नुसती आई सुटत नाही. दुकानात रखवालदार मागे मागे फिरला ही गोष्ट जिला समजावून सांगावी लागत नव्हती अशी आजी सुटते. मग ती एलजीबीटीक्यू, म्हणजे समलिंगी, उभयलिंगी, ट्रान्स वगैरे लोकांच्या वर्तुळात जाते. तिथे गोऱ्यांची बहुसंख्या, आणि डेटिंगच्या प्रोफाइलवर ‘जाड नकोत, बायकी नकोत’ असं राजरोस लिहिलेलं. जाड लोकांच्या मंडळांत जावं तर तिथे बऱ्याचदा गोऱ्या, ट्रान्स नसलेल्या बायकाच जास्त. आणि कृष्णवर्णीय ट्रान्स वर्तुळात? तिथे जीव रमतो, पण तिथेही सडपातळ, ट्रान्स आहे हे ‘कळून न येणारी’ अशी जी असेल तिचं कौतुक जास्त होतं. यामागे नुसती हौस नाही, भीतीही आहे: रस्त्यात ओळखू आलीस तर मार खाशील. प्रत्येक खोली तिचा एक तुकडा आत घेते आणि उरलेला दाराबाहेर ठेवायला सांगते. कायद्याच्या अभ्यासक किम्बर्ले क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये कायद्याच्या संदर्भात हेच मांडलं होतं, की दोन अन्याय जिथे एकमेकांना छेदतात तिथे उभ्या असलेल्या बाईचा खटला कुठल्याच एका कलमात बसत नाही. तुझ्या अभ्यासक्रमात ते आलं असेलच, म्हणून पुढे जाते.

पैशाचं मात्र विसरू नकोस. २०१५ च्या राष्ट्रीय ट्रान्स सर्वेक्षणात कृष्णवर्णीयांपैकी ३८ टक्के दारिद्र्यात होते, २० टक्के बेरोजगार, आणि ४२ टक्क्यांनी आयुष्यात कधीतरी बेघरपण भोगलेलं. तुझं राज्य जॉर्जिया. तिथे मेडिकेडची, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याची, दारं आजही पूर्ण उघडलेली नाहीत. मैत्री ठेवायला बसचं भाडं लागतं, फोनचं रिचार्ज लागतं, चार जणांना घरी बोलवायला घर लागतं. ‘स्वतःहून पुढाकार घ्या’ हा सल्ला देण्याआधी मी महिन्याचा हिशोब मांडायला लावते.

दवाखान्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण शरीराचं एकटेपण सर्वात जास्त तिथे तयार होतं.

उंची-वजनाचं जे गणित आपण बीएमआय म्हणून ओळखतो त्याचं मूळ बेल्जियमच्या अडॉल्फ केतले यांच्याकडे जातं, १८३० च्या दशकात. ते गणिती, खगोलशास्त्रज्ञ, डॉक्टर नव्हते. युरोपीय माणसांची मापं घेऊन ‘सरासरी माणूस’ शोधत होते. अमेरिकी संशोधक अँसेल कीज यांनी १९७२ मध्ये त्याचं ‘बॉडी मास इंडेक्स’ असं नामकरण केलं. आणि जून २०२३ मध्ये खुद्द अमेरिकन मेडिकल असोसिएशननं मान्य केलं की हा आकडा एकट्यानं वापरणं बरोबर नाही आणि त्याच्या इतिहासात वर्णभेदी वापर झालेला आहे. तरी आजही लिंग-पुष्टीकरणाच्या, म्हणजे शरीर स्वतःच्या लिंग-ओळखीशी जुळवण्याच्या शस्त्रक्रियांसाठी अनेक शल्यचिकित्सक आपापली रेषा ओढतात. कुणी ३५ वर, कुणी ४० वर, कुणी त्याही खाली. रेषेच्या वर असाल तर ‘आधी वजन उतरवा’. भूल देण्यातले धोके खरे आहेत, मी डॉक्टर नाही आणि ते नाकारत नाही. पण एकाच शहरात एक सर्जन नाही म्हणतो आणि दुसरा त्याच बाईची तीच शस्त्रक्रिया व्यवस्थित करतो, हेही मी पाहिलंय. माझ्या एका क्लायंटनं सहा वर्षांत चार वेळा उपाशी राहून वजन उतरवलं आणि चारही वेळा ते व्याजासकट परत आलं. त्या सहा वर्षांत तिनं कुणाशी ओळख वाढवली नाही. म्हणायची, ‘ऑपरेशननंतर सुरू करीन जगायला.’ हे वाक्य तुला पुन्हापुन्हा ऐकू येईल. ऐकलंस की तिथे थांब.

साधं रक्तदाबाचं घे. जाड दंडाला नेहमीच्या मापाचा पट्टा बांधला तर आकडा खोटा वर जातो. ज्यांना सर्वात मोठा पट्टा लागतो त्यांना नेहमीचा बांधल्यावर वरचा आकडा सरासरी जवळपास २० नं जास्त आला, असं २०२३ च्या एका अभ्यासात दिसलं. म्हणजे आधी चुकीचा पट्टा, मग चुकीचा आकडा, मग त्यावर उपदेश. ट्रान्स लोकांत एक कडवट विनोद आहे, की हात मोडून दवाखान्यात गेलं तरी डॉक्टर हार्मोन्सबद्दल विचारतात. जाड लोकांचाही अगदी असाच आहे, फक्त तिथे वजन. तुझी क्लायंट दोन्हींची मानकरी. म्हणून ती डॉक्टरकडे जात नाही, दुखणं अंगावर काढते, आणि अंगावर काढलेलं दुखणं माणसाला घरात कोंडतं. विवेक मूर्ती अमेरिकेचे सर्जन जनरल, म्हणजे सरकारचे सार्वजनिक आरोग्याचे प्रमुख डॉक्टर असताना मे २०२३ मध्ये त्यांनी एकटेपणावर इशारापत्र काढलं. समाजापासून तुटलेपणाचा जिवाला होणारा धोका रोज १५ सिगारेटींइतका, हे त्यातलंच वाक्य. ते बरोबर आहे. पण सिगारेट माणूस स्वतः ओढतो. इथे पाकीट कुणी हातात दिलं, हेही विचारावं लागतं.

मी काय करते? डॉक्टरकडे जाताना सोबतीला माणूस शोधून देते. भेटीआधी दवाखान्यात फोन करून विचारते, मोठा पट्टा आहे का, वजन न करता भागेल का, खुर्च्या कशा आहेत. पाच मिनिटांचं काम. माझ्या अनुभवात दहा सेशन जे करत नाहीत ते हा फोन करतो, कारण तिच्या आधी तिथे कुणीतरी जाऊन रुमाल टाकलेला असतो.

आता इच्छेबद्दल. सुपरवायझर हे बोलणार नाहीत, म्हणून मी बोलते. तुझ्या क्लायंटला कुणी विचारत नाही असं समजू नकोस. तिला रात्री साडेअकराला मेसेज येतात. अशी माणसं येतात, जातात आणि दुसऱ्या दिवशी बस स्टॉपवर ओळख दाखवत नाहीत. ट्रान्स म्हणून एक विशिष्ट वासना, जाड म्हणून आणखी एक, काळी म्हणून तिसरी. हे सगळं तिच्या अंगाभोवती फिरतं, पण तिच्यासोबत जेवायला कुणी जात नाही. लपवून हवंसं असण्याचं एकटेपण हे नकोसं असण्याच्या एकटेपणापेक्षा जास्त पोखरतं, असं माझं मत झालंय. तिला नैतिकतेचे धडे देऊ नकोस. त्या रात्रींत थोडी ऊब असते आणि ती तिला माहीत असते. एवढंच विचार: यातला कोण दिवसाउजेडी तुझ्याबरोबर चालला? एखादा निघतो कधी कधी.

तू विचारलंस, नेहमीचे उपाय चालतात का. काही चालतात, पण उलटे धरून. एकटेपणावरच्या उपायांचे बरेच अभ्यास एकत्र करून २०११ मध्ये काढलेला निष्कर्ष असा होता, की नुसत्या गाठीभेटी वाढवण्यापेक्षा माणसांबद्दलचे चुकीचे समज दुरुस्त करणारी पद्धत जास्त उपयोगी पडते. एकट्या माणसाचं मन सतत धोका हुंगत असतं, साध्या चेहऱ्यातही नकार वाचतं, हे खरं आहे. पण तुझी क्लायंट म्हणाली की बसमध्ये माझ्या शेजारी कुणी बसत नाही, आणि तू तिला ‘याचा पुरावा काय?’ असं विचारलंस, तर ती पुन्हा येणार नाही. पुरावा रोजचा आहे. मी आधी तिच्यासोबत वर्गवारी करते: कोणता नकार खरा होता, कोणता अंदाज होता, कोणता जुना होता आणि आज नव्या माणसावर लावला गेला. खऱ्याला आधी खरं म्हटलं की अंदाजाला अंदाज म्हणायला ती स्वतःच तयार होते. क्रम चुकला की सगळं फसतं. हे मला शिकायला निदान पाच वर्षं लागली.

संकटाच्या वेळी काय करायचं हे आजच ठरवून ठेव. आत्महत्येचे विचार येतात का, हे सरळ शब्दांत विचार. विचारल्यानं ते सुचत नाहीत. पण पुढचं पाऊल नीट टाक, कारण केंद्राच्या नियमावलीत बहुधा ‘पोलिसांना कळवा’ असं असेल. फेब्रुवारी २०१३ मध्ये आमच्या शेजारच्या बर्कलीत कायला मूरचा जीव गेला. कृष्णवर्णीय, जाड, ट्रान्स, स्किझोफ्रेनियाची रुग्ण. मानसिक त्रास वाढला म्हणून मदतीसाठी फोन गेला होता. पोलीस आले, त्यांनी तिच्या जन्मनावाशी जुळणारं दुसऱ्याच कुणाचं तरी वॉरंट पुढे केलं, झटापट झाली आणि तिच्याच घरात अनेक पोलिसांनी दाबून धरलेलं असताना तिचा श्वास थांबला. शवविच्छेदनानं कारण म्हणून अमली पदार्थांकडे बोट दाखवलं आणि हातभार म्हणून तिच्या जाडीकडे. कुटुंबानं वर्षानुवर्षं लढा दिला; कोर्टात हार झाली. मी तेव्हा पलीकडे ओकलंडमध्येच होते. त्या आठवड्यात माझ्याकडे आलेल्या प्रत्येकानं एकच विचारलं: ‘मला काही झालं तर तू कुणाला फोन करशील?’ या प्रश्नाचं उत्तर तुझ्याकडे तयार हवं. ट्रान्स लाइफलाइन ही हेल्पलाइन २०१४ पासून आहे. ट्रान्स माणसंच फोन घेतात आणि संमतीशिवाय पोलिसांना कळवत नाहीत. ९८८ ही राष्ट्रीय हेल्पलाइन चालू आहे, पण एलजीबीटीक्यू तरुणांसाठी ३ दाबून मिळणारी वेगळी सोय १७ जुलै २०२५ ला बंद झाली. जुन्या पत्रकांवर ती अजून छापलेली असेल, तपासून घे.

बरं, बरं होणं कुठे दिसतं? मला ते बहुतेक वेळा जेवणाच्या आसपास दिसलंय.

जाड माणूस चारचौघांत खाताना प्रत्येक घासाला कुणीतरी पाहत असतं. म्हणून तो बाहेर सॅलड खातो आणि घरी दार लावून जेवतो. न्यूयॉर्कमध्ये २०१८ साली ‘ओक्रा प्रोजेक्ट’ सुरू झाला. कृष्णवर्णीय ट्रान्स स्वयंपाक्यांना पैसे देऊन कृष्णवर्णीय ट्रान्स माणसांच्या घरी पाठवायचं, आणि तिथे त्यांच्याच स्वयंपाकघरात गरम जेवण रांधायचं, फुकट. ओक्रा म्हणजे आपली भेंडी. आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांबरोबर ती या देशात आली, म्हणून ते नाव. मला त्या कल्पनेत सर्वात काय आवडलं सांगू? घरी येऊन कुणीतरी विचारतं, ‘मीठ किती घालू?’ किती वर्षांत कुणी विचारलेलं नसतं.

आम्ही त्यावरून महिन्यातून एक रविवार चुलीचा ठेवला. नियम दोन: डाएटचं बोलायचं नाही, आणि जो आला नाही त्याला त्याच संध्याकाळी फोन करायचा. दुसरा नियम जास्त महत्त्वाचा. एकदा मी भरली भेंडी केली. लुइझियानाकडची एक ज्येष्ठ बाई, आमच्यातली सर्वात वयस्क ट्रान्स स्त्री, ती चाखून गप्प बसली. मग म्हणाली, ‘याला तार का नाही?’ तिच्या आजीच्या गंबोत, म्हणजे तिकडच्या दाट रश्शात, भेंडीची तार हीच तर चव. आणि माझी आई ती तार जावी म्हणून भेंडी पुसून पुसून कोरडी करायची. त्यावर तासभर वाद झाला. आठ माणसं भेंडीवर भांडत होती आणि त्या तासात कुणीही स्वतःच्या पोटाकडे पाहून ओढणी सारखी केली नाही. मी नोंदवहीत त्या दिवशी काहीच लिहिलं नाही.

तुझ्या अटलांटात बॉलरूम, म्हणजे एलजीबीटीक्यू लोकांच्या नटण्या-नाचण्याच्या स्पर्धांचं जग, मोठं आहे, ते तिला माहीत असेल. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये क्रिस्टल लाबेजानं सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला पहिलं ‘हाउस’, म्हणजे स्पर्धेत एकत्र उतरणारं मानलेलं कुटुंब, उभं केलं, कारण गोऱ्यांच्या स्पर्धांत कृष्णवर्णीयांना न्याय मिळत नव्हता. हाउसला आई असते, ती नाव देते, रागावते, जेवलीस का विचारते. तिथल्या स्पर्धांत भरल्या अंगाच्यांसाठी ‘लशस’ नावाचा वेगळा विभागही असतो. ज्या अंगाला सगळीकडे दार लहान पडतं त्या अंगाला तिथे गुण मिळतात. पण भाबडी होऊ नकोस. हाउसमध्ये उतरंड असते, रुसवेफुगवे असतात, खर्च असतो. आपल्याकडच्या तृतीयपंथीयांच्या गुरू-चेला परंपरेशी तुलना करायचा मोह तुला होईल. मलाही झाला होता. पण त्या परंपरेचे विधी, दंड आणि पोटापाण्याचे नियम वेगळे आहेत. दोन्हींत ‘आई’ आहे एवढ्यावरून दोन्ही एक होत नाहीत.

देवाधर्माची ओढ असेल तर तीही मारू नकोस. धर्मगुरू कार्ल बीन यांनी लॉस एंजेलिसमध्ये १९८० च्या दशकात कृष्णवर्णीय एलजीबीटीक्यू लोकांसाठी युनिटी फेलोशिप चर्च उभं केलं; आमच्याकडे ओकलंडमध्ये बिशप इव्हेट फ्लंडर यांचं सिटी ऑफ रेफ्यूज आहे. ज्यांची जखमच चर्चची आहे, त्यांच्यातल्या काहींची खपलीही चर्चमध्येच धरली.

एक मात्र मी करत नाही. पहिलंच बाहेर पडणं म्हणून कुणाला २० नोव्हेंबरच्या, खून झालेल्या ट्रान्स माणसांच्या स्मृतिसभेला नेत नाही. बोस्टनच्या ऑल्स्टन भागात १९९८ साली रीटा हेस्टर या कृष्णवर्णीय ट्रान्स स्त्रीचा खून झाला, त्यानंतरच्या वर्षी तो दिवस पाळायला सुरुवात झाली. दिवस आवश्यक आहे, मी स्वतः जाते. पण तिथे वाचल्या जाणाऱ्या नावांत कृष्णवर्णीय ट्रान्स स्त्रियांचीच नावं फार असतात. एका क्लायंटनं परत येताना गाडीत विचारलं होतं, ‘नाव मेल्यावरच पुकारतात का?’ तेव्हापासून आमच्या रविवारी वाढदिवसांची यादी भिंतीवर असते.

आता तुझा शेवटचा प्रश्न, तू हे काम करावंस का. मी ओकलंडला आले तेव्हा मला अभिमान होता की दलित पँथरनं १९७२ साली आपलं नाव ज्यांच्यावरून घेतलं ते ब्लॅक पँथर, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे, इथले, १९६६ चे. पहिल्याच वर्षी मी तो एका क्लायंटला सांगितला, जणू मी त्या नात्याची वारसदार. तिनं शांतपणे विचारलं, ‘तुझ्या घरचे त्यात होते?’ नव्हते. माझ्या घरचे वधूवर सूचक मंडळात ‘गोरी, सडपातळ’ असा रकाना भरणारे होते. तू पांढरपेशा घरातली असशील तर तुझ्याही घरी तो रकाना भरला गेला असेल. तिथून सुरुवात कर. तिच्यासमोर नव्हे, सुपरव्हिजनमध्ये. काळ्या रंगाची आणि जाड अंगाची किळस आपण इथे येऊन शिकलो नाही, सोबत घेऊन आलो. त्याच पँथरांनी जानेवारी १९६९ मध्ये ओकलंडच्या सेंट ऑगस्टिन चर्चमध्ये पोरांना सकाळची न्याहारी द्यायला सुरुवात केली होती. मला आता नात्यापेक्षा ती न्याहारी जास्त उपयोगाची वाटते.

म्हणजे काम कर, पण तू तिची शेवटची थेरपिस्ट असू नयेस. कृष्णवर्णीय आणि इतर वर्णांच्या क्वीअर (लैंगिकतेच्या रूढ चौकटीत न बसणाऱ्या) व ट्रान्स थेरपिस्टांचं एक राष्ट्रीय जाळं आहे, नॅशनल क्वीअर अँड ट्रान्स थेरपिस्ट्स ऑफ कलर नेटवर्क, २०१६ पासूनचं. त्यांची यादी बघ, तिला नावं दे, आणि ती गेली तर वाईट वाटून घेऊ नकोस. तुझी इंटर्नशिप मे महिन्यात संपणार. तिला सोडून जाणाऱ्यांत तुझाही नंबर आहे. ती तारीख तिला आत्ताच सांग.

मिठीचं. केंद्राचा नियम काय ते आधी वाच आणि सुपरवायझरशी मोकळेपणानं बोल. नियम परवानगी देत असेल, तुला स्वतःला अवघड वाटत नसेल आणि ती विचारत असेल, तर जाताना एक मिठी, दार उघडं ठेवून, घाई न करता. नसेल जमत तर कारण नियमावर किंवा स्वतःवर घे: ‘मला इथे मिठी मारता येत नाही, पण तू विचारलंस ते मला बरं वाटलं.’ गडबडलीस तेव्हा तुझ्या चेहऱ्यावर काय आलं हे तिनं पाहिलंय. पुढच्या भेटीत तूच तो विषय काढ, ती काढणार नाही.

आणि त्याआधी खोली बघ. हात नसलेली रुंद खुर्ची किंवा दोघांचा सोफा, पाय लोखंडी किंवा जाड लाकडाचे. खुर्ची किती वजन धरते ते तिच्या कागदावर लिहिलेलं असतं; साध्या ऑफिसच्या खुर्च्या बहुधा २५० ते ३०० पौंडांच्या असतात, तू निदान ५०० ची माग. केंद्र म्हणेल बजेट नाही. मी माझी पहिली एका बंद पडलेल्या हॉटेलच्या लिलावातून ४० डॉलरला आणली होती, हिरव्या रेक्झिनची, एका बाजूला फाटलेली. तुझी खुर्ची दाराकडे तोंड करून ठेव, भिंतीला टेकवून, आणि तुझी क्लायंट यायच्या आधी तू स्वतः दुसऱ्या खुर्चीत बसून राहा, म्हणजे कुठे बसायचं हे तिला शोधावं लागणार नाही.